पाठीवरचा सिद्धांत

आमच्या घरात काही गोष्टी खास हसण्यासाठी राखून ठेवल्या आहेत. लग्नघरची जेवणं उरकली, पाहुणे सपरीत, म्हणजे ओसरीत, सतरंजीवर लवंडले, की कोणीतरी म्हणतं, "अवो, ते धकातेबाईची सांग न." मग मी मांडी बदलते, पदर खोचते आणि सांगते. पंचवीसेक वर्षं मी ही गोष्ट सांगते आहे. कुठे थांबायचं, हेडमास्तरांचा आवाज कुठे काढायचा, बाबांचा चेहरा कसा करायचा, सगळं ठरलेलं. गेल्या उन्हाळ्यात भाचीच्या हळदीला सांगताना मात्र मला मधेच राग आला. इतका की हातातली वाटी खाली ठेवावी लागली आणि पुढचं वाक्य सुचेना. सगळ्यांना वाटलं, ठसका लागला. मंदाताईनं पाणी आणून दिलं. मंदाताई माझी मोठी बहीण. गोष्ट खरं म्हणजे तिचीच. दरवेळी ती सगळ्यांत मोठ्यानं हसते आणि मग काहीतरी आणायला म्हणून उठून आत जाते. त्या दिवशी पाण्याचा गिलास माझ्या हातात देताना हळूच म्हणाली, "राहू दे न आता."

ही गोष्ट हसण्याची नाही हे कळायला मला इतकी वर्षं लागली. शाळेतही मला सगळं उशिराच कळायचं, तेव्हा त्यात नवल काही नाही.

आमचं गाव अड्याळच्या पलीकडे, तळ्याच्या पाळीला लागून. बाबांचं किराण्याचं दुकान आणि थोडं धान. सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं आणि गावातलं हायस्कूलही नवंच होतं. म्हणजे इमारत अर्धी पक्की, अर्धी तट्ट्यांची. त्या तट्ट्यांच्या भागात शेवटची खोली शिवणाची. तिथे धकातेबाई.

उंच, काटक बाई. पातळ बहुतेक पांढरं नाहीतर राखी. लग्न केलेलं नव्हतं. गळ्यात मंगळसूत्राच्या जागी मोजायची टेप. उजव्या खांद्यावर ब्लाऊजला तीन सुया टोचलेल्या, तिन्हींत तीन रंगांचे दोरे. बोलता बोलता हात खांद्याकडे जायचा आणि हवी ती सुई न पाहता निघायची. टेपनं त्या काहीही मोजत. बाकाची उंची, खिडकी, मुलींच्या वेण्या. एकदा वर्गात शिरलेल्या बकरीला त्यांनी हाकललं, पण मोजल्यावर. "अंदाज सांगू नको, मोजून सांग," हे वाक्य दिवसातून वीस वेळा. आई आजारी आहे म्हणून उशीर झाला असं मी एकदा सांगितलं, तर म्हणाल्या, "किती आजारी? ताप मोजला?" मोजला नव्हता. आई आजारीही नव्हती.

त्या मूळच्या पवनीच्या, विणकराच्या घरातल्या. "माझा बाप शाळेची पायरी चढला नाही, पण काठात धागे किती ते नुसता अंगठा फिरवून सांगत होता," असं म्हणत. मॅट्रिकला त्यांना गणितात सगळ्या केंद्रात सर्वांत जास्त गुण होते. पुढे गणित शिकायचं तर नागपूरला जावं लागत होतं, घरून त्याला नकार. शिवणाचा कोर्स भंडाऱ्याला होता, मामाच्या घरी राहून करता येण्यासारखा. म्हणून त्या शिवण शिकल्या. हे त्या आम्हाला अगदी सपाट आवाजात सांगत, सुईत दोरा ओवता ओवता, आणि दोरा नेहमी पहिल्या झटक्यात जाई.

लोक त्यांना रागीट म्हणत. ते चूक होतं. रागीट माणसाला राग येतो आणि उतरतो. बाईंचा उतरत नसे. तो सकाळी त्यांच्याबरोबर शाळेत यायचा, डबा खायचा, संध्याकाळी घरी जायचा. आवाज मात्र कधी चढला नाही. उलट जितका राग जास्त तितका आवाज खाली, आणि पुस्तकी भाषा सुटून पवनीची बोली सुरू. "काहून वो?", म्हणजे का गं, असं त्या हळूच म्हणाल्या की पुढच्या बाकावरच्या मुली मागे सरकत.

रागाचं कारण तट्ट्याच्या पलीकडे होतं. नववीपासून मुलांना गणित आणि मुलींना गृहशास्त्र, अशी आमच्या शाळेची रीत. कागदावर मुलींनाही गणित घेता येत होतं, पण वेळापत्रकात दोन्ही तास एकाच वेळी. मुलींनी गणिताला बसायचं तर मुलांच्या वर्गात बसायचं, आणि ते कोणाच्या घरी चालणार. म्हणून तट्ट्याच्या त्या बाजूला गभणे सर मुलांना बीजगणित शिकवत आणि या बाजूला आम्ही काजं करत बसायचो. सरांचा आवाज तट्ट्यातून सरळ आत येई. ते चुकले की बाई इकडे सुई थांबवत. सर दोन ओळी पुढे जात, अडखळत, खोकत, मग मागे येऊन दुरुस्त करत. तेव्हा बाईंची सुई पुन्हा चालू.

म्हणून मग बाईंनी शिवणातच गणित शिकवायला घेतलं. परकराच्या कळ्या कापायच्या तर कळी वर किती, खाली किती, उंची किती, एका कळीचं कापड किती, सहांचं किती. उरेब, म्हणजे तिरकी, पट्टी काढायची तर चौकोनाचा कर्ण.

"बारा इंचाचा रुमाल आहे. कोपऱ्यातून कोपऱ्यात पट्टी काढली. किती लांब?"

"सतरा इंच, बाई," कोणीतरी म्हणालं.

"मोजून सांगते का अंदाजानं?"

"मोजून."

"पुन्हा मोज. सतराले एक धागा कमी आहे. तो धागा कोठी गेला, ते मले पाहिजे."

तो धागा कुठे गेला हे शोधण्यात आमचा पंधरवडा गेला. मला अजून सापडलेला नाही. मंदाताईला तिसऱ्या दिवशी सापडला. ती दहावीत होती, मी नववीत. शिवणाला दोन्ही वर्ग एकत्र बसत. तिनं वहीवर बाराचा वर्ग दोनदा मांडला, बेरीज केली, वर्गमूळ काढायला बसली आणि सतराच्या अलीकडे थांबली. मग म्हणाली, "बाई, हे सरतच नाही. काढत गेलं त निघतच जाते." बाई तिच्याकडे पाहत राहिल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या हातातून सुई खाली पडलेली मी पाहिली.

तेव्हापासून बक्षीस म्हणून बाई मुलींना रुमाल देऊ लागल्या. स्वतः भरलेले. कडेनं वेलबुट्टीच्या जागी अंक. कोणाच्या रुमालावर पावकी, कोणाच्या दिडकी. मंदाताईला मिळाला त्यावर चारही बाजूंनी वर्गसंख्या, एक, चार, नऊ, सोळा, आणि दोन वर्गांमध्ये जितकी वाढ तितके टाके. मला बक्षीस मिळण्याचा संभव नव्हता, म्हणून मी स्वतःच स्वतःसाठी औटकीचा, म्हणजे साडेतीनच्या पाढ्याचा, रुमाल भरला. औट आठे सत्तावीस असं त्यात लाल दोऱ्यात ठळक आहे; हवे होते अठ्ठावीस. उसवू का, असं मी विचारलं तर बाई म्हणाल्या, "राहू दे. ज्याले समजते तो हसंल. ज्याले समजत नाही तो नाक पुसंल."

हे हेडमास्तरांच्या कानावर गेलं. एकदा ते फेरी मारत आले तर फळ्यावर काटकोन त्रिकोण. त्यांनी बाईंना बाहेर बोलावलं. तट्ट्यातून जसं तिकडचं इकडे येई तसं बाहेरचंही आत येई.

"धकातेबाई, तुमची नेमणूक कशाची?"

"शिवणाची."

"मग शिवणाच्या तासाला फळ्यावर गणित दिसता कामा नये. तपासणीला साहेब आले तर मी काय सांगू?"

"फळ्यावर दिसू नये," बाई म्हणाल्या.

"नको."

"बरं."

इथे मी गोष्ट सांगताना थांबते, कारण इथे लोक हसायच्या तयारीत येतात. सोमवारी बाई शाळेत आल्या त्या नव्या पांढऱ्या ब्लाऊजमध्ये. पुढून साधा. पाठीवर फुलीटाक्यानं भरलेला लाल काटकोन त्रिकोण, आणि त्याच्या तीन बाजूंवर तीन चौकोन. एकात नऊ फुल्या, एकात सोळा, एकात पंचवीस. बाईंनी खडू उचलला, फळ्यावर "कॉलरचे प्रकार" असा मथळा लिहिला आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. बराच वेळ. पदर त्यांनी पुढून घट्ट ओढून खोचला होता.

"मोजा," त्या फळ्याकडे तोंड करूनच म्हणाल्या. "माझ्या पाठीवर फळा नाही."

बुधवारी दुसरा ब्लाऊज आला, त्यावर वर्तुळात कोन. मग बाह्यांवर समांतर रेषा आणि त्यांना छेदणारी एक. पंधरा दिवसांत आठवी ते दहावीच्या सगळ्या मुली घरून ब्लाऊजचे कपडे घेऊन आल्या. गावात नवीच तऱ्हा सुरू झाली. तळ्यावर धुणं धुताना बाया एकमेकींच्या पाठी पाहायच्या, "तुह्यावाला कोणता वो, त्रिकोणाचा का गोलाचा?" हेडमास्तरांच्या स्वतःच्या सूनबाईनं बाहीवर समांतर रेषा भरून घेतल्या. तपासणीला साहेब आले, शिवणकाम सुबक आहे असा शेरा लिहून गेले. हेडमास्तर काहीच करू शकले नाहीत. इतकंच म्हणाले की बायकांना नटायला काहीही पुरतं.

हेही आम्ही हसून सांगतो. पण थोडा विचार करा. एका बाईला गणित शिकवायचं तर ते पाठीला बांधून आणावं लागत होतं, आणि पाहणाऱ्याला त्यात नटणं दिसत होतं.

शिक्षकदिनाला मुलींनी सगळ्या सरांसाठी भेटी भरून द्यायच्या, ही शाळेची दुसरी रीत. मुलं भाषण करत, मुली रुमाल आणि उशीचे अभ्रे देत, ज्यावर दोन पोपट आणि "सुस्वागतम". त्या वर्षी बाईंनी पोपट रद्द केले. प्रत्येक अभ्र्यावर एकच चौकोन, त्यात बसणारा सगळ्यांत मोठा गोल, आणि खाली बारीक टाक्यांत: "चौकोनी कापडातून गोल कापला. चिंध्या किती उरल्या?" उत्तर नाही. सरांनी अभ्रे घेतले, कौतुक केलं, घरी नेले. सहापैकी पाच जण वर्षभर त्या गणितावर डोकं ठेवून झोपले असावेत, कारण उत्तर घेऊन कोणी आलं नाही.

एकटे गभणे सर आले. आठवडाभरानं, मधल्या सुट्टीत, अभ्रा वर्तमानपत्रात गुंडाळून. मी कोपऱ्यात काजं उसवत होते. माझी काजं नेहमी उसवायची असत. सर दारातच उभे राहिले.

"बाई, उत्तर काढलं आहे. पण शंका आहे."

"आत या न, सर."

"नको. इथेच बरं."

त्यांनी कागद पुढे केला. बाईंनी वाचला, एका ठिकाणी सुईचं टोक ठेवलं. "इथं घसरलात. त्रिज्येच्या जागी व्यास धरला." सरांनी पाहिलं, मान हलवली. जाताना म्हणाले, "तुम्ही इकडे असायला नको होतं, बाई." बाई म्हणाल्या, "हे मले नका सांगू. ज्याले सांगाले पाहिजे त्याले सांगा."  सर अभ्रा पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळून निघून गेले. मला सर चांगले वाटायचे. आता विचार करते तेव्हा त्यांचाही राग येतो, जरा कमी.

मग मंदाताईची अकरावी आली, म्हणजे त्या वेळची मॅट्रिक. परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. त्यात गणित लिहिलं तर पुढे भंडाऱ्याला सायन्सला जाता येणार होतं. गृहशास्त्र लिहिलं तर ते दार बंद. इतकं साधं होतं ते. दोन वर्षं बाईंनी तिला शिवणाच्या तासाला आणि शाळा सुटल्यावर सगळं गणित शिकवलं होतं. गभणे सरांकडून जुने पेपर आणून सोडवून घेतले होते. फक्त फॉर्मवर एक शब्द आणि त्याखाली बाबांची सही हवी होती.

बाई स्वतः घरी आल्या. सपरीत बसल्या, गुळाचा चहा घेतला. बाबांना कोणालाही नाही म्हणता येत नसे. गिऱ्हाईकाला साखर संपली असं सांगायचं तरी ते मला पाठवत.

"भाऊ, पोरगी गणिताले बसते. सही पाहिजे."

बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं चुलीकडे पाहिलं.

"गणित म्हणजे, बाई, पोट्ट्यांचं..."

"हाव. अन् इची तयारी पोट्ट्यांपेक्षा जास्त आहे. पाहून राहिली मी दोन साल."

बाबांनी सही केली. "तुमी म्हणता त बरोबरच असंल जी," असंही म्हणाले. मंदाताई दाराआड उभी होती. तिनं माझा दंड इतका दाबला की दोन दिवस निळा होता. मी ओरडले नाही. ते माझ्या आयुष्यातलं एक चांगलं काम.

फॉर्म शाळेच्या कचेरीत गेला. कचेरीत शेंडेबाबू. हे गृहस्थ खरोखर चांगले; कोणाचं दाखल्याचं काम अडलं तर सुट्टीच्या दिवशी येऊन करून देणारे. त्यांनी फॉर्मांचा गठ्ठा पाहिला, मुलींच्या गठ्ठ्यात एकीच्या फॉर्मवर गणित. त्यांना वाटलं, चूक झाली. पोरीनं घाईत शेजारच्या मुलाचं पाहून लिहिलं असेल. उगीच परीक्षेत पोरीचं नुकसान नको, म्हणून त्यांनी स्वतःहून, स्वतःच्या चांगल्या अक्षरात, गणित खोडून गृहशास्त्र लिहिलं. आणि अड्याळच्या बाजारात बाबा भेटले तेव्हा सांगितलंही. "भाऊ, तुमच्या मंदीच्या फारमात चुकीनं गणित पडलं होतं. म्या सुधरवून टाकलं."

बाबा काय म्हणाले ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मी त्यांच्या आवाजात म्हणते, आणि इथे सगळ्यांत मोठा हशा येतो. "बरं झालं बाप्पा. नाई त पोरगी खरंच बसली असती."

मग दोघांनी भजी खाल्ली. बाबा घरी आले, कोणाला काही बोलले नाहीत. जानेवारी गेला, फेब्रुवारी लागला, मंदाताई रोज पेपर सोडवत होती आणि बाबा रोज तिच्यासाठी कंदिलात तेल घालून ठेवत होते. तेल घालून ठेवत होते, हे मी गोष्टीत कधी सांगत नाही. त्यावर कोणी हसणार नाही.

प्रवेशपत्र हातात आलं त्या दिवशी मंदाताईनं ते दोनदा वाचलं आणि बाईंना नेऊन दिलं. बाई वाचून कचेरीत गेल्या. आम्ही मागे. शेंडेबाबू खुर्चीतून उठले.

"बाई, म्या त भल्यासाठीच केलं. मले वाटलं, चुकलं पोरीचं."

"काहून वाटलं?" बाईंचा आवाज इतका खाली होता की ऐकायला पुढे वाकावं लागत होतं. "अक्षर वाईट होतं? शब्द चुकला होता? खाली बापाची सही नव्हती?"

"तसं नाही, पण पोरगी अन् गणित..."

"पुढे बोला."

 शेंडेबाबू घाबरून एवढंच म्हणाले, "भाऊंना बाजारात सांगितलं होतं. ते म्हणाले, बरं झालं."

हेडमास्तर आतून आले. म्हणाले, याद्या वर गेल्या, आता काही होत नाही, आणि बिघडलं काय, गृहशास्त्रात पोरगी पहिली येईल. बाई दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं वरच्या कचेरीत जाऊन आल्या. मुदत संपलेली होती. त्या परस्पर आमच्या घरी आल्या. बसल्या नाहीत. बाबांनी खुर्ची पुढे केली, चहा ठेवायला सांगितला.

"चहा नको, भाऊ. तुमी मले नाही म्हणले असते त मी भांडली असती. महिनाभर भांडली असती, रोज येऊन बसली असती तुमच्या दुकानात. तुमी हो म्हणले. हो म्हणून मले घरी धाडलं." मग म्हणाल्या, "माणसानं भांडावं कोणासंगं, सांगा."

बाबा खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यांना वाईट वाटलं होतं, हे मला दिसत होतं. वाईट वाटणं त्यांना सोपं जायचं.

मंदाताई गृहशास्त्राच्या पेपरला बसली. साबुदाण्याची खिचडी चार माणसांसाठी, असा एक प्रश्न होता. तिला चांगले गुण मिळाले.

त्याच उन्हाळ्यात हेडमास्तर निवृत्त होणार होते. निरोपाच्या समारंभासाठी शिवणाच्या वर्गानं शाल भरावी, असा निरोप आला. मधे कमळ, कडेला "गुरुर्देवो भव". सगळ्यांना वाटलं, बाई नाही म्हणतील. बाई हो म्हणाल्या. पवनीहून जाड पांढरी शाल विणून आणली, काळा दोरा आणला आणि मंदाताईला बसवलं. परीक्षा संपली होती, तरी ती रोज शाळेत जाऊन शाल भरत होती. वीस दिवस. बाईंनी एक टाका घातला नाही. त्या फक्त शेजारी बसत आणि दोरा ओवून देत.

शाल नव्हती ती. त्या वर्षीच्या मॅट्रिकच्या गणिताच्या पेपरातलं सगळ्यांत अवघड शेवटचं प्रमेय होतं. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, ओळीखाली ओळ, उजवीकडे प्रत्येक पायरीचं कारण, आकृतीला अक्षरं. कुठे कमळ नाही, वेल नाही. खाली उजव्या कोपऱ्यात बारीक नाव: मंदा. तिनं पेपर लिहिला. कागद मिळाला नाही इतकंच.

समारंभाला मंडप, पाहुणे, हार्मोनियम. पाहुण्यांनी शाल उलगडून हेडमास्तरांच्या खांद्यांवर घातली. हेडमास्तरांनी काठ हातात घेऊन पाहिला. "वा," ते माइकमध्ये म्हणाले, "मुलींनी फार सुंदर नक्षी काढली आहे." टाळ्या पडल्या.

बाई मंचाच्या कडेला उभ्या होत्या. त्यांच्यापुढे माइक नव्हता, आणि टाळ्या थांबेपर्यंत त्या थांबल्या.

"नक्षी नाही ते. उत्तर आहे."

पहिल्या दोन रांगांना ऐकू गेलं असेल. पाहुणे गोंधळले, शेजारी बसलेल्यांकडे वळले. हेडमास्तरांच्या बरोबर मागे गभणे सर बसले होते. त्यांच्या नाकासमोर सबंध सिद्धता होती, आणि ते ती कधीचे वाचत होते, ओठ हलवत. ते उभे राहिले. त्या माणसाला मी हेडमास्तरांसमोर उभं राहून बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "प्रत्येक पायरी बरोबर आहे. आमच्या वर्गात हे एकालाही आलं नाही."

मंडपात कोणाला काय करावं ते कळेना. मग हेडमास्तर हसले, म्हणाले, "गभणे, बसा, तुम्हाला सगळीकडे गणितच दिसतं," आणि सगळा मंडप सुटल्यासारखा हसला. मुलींनी निरोपाचं गाणं सुरू केलं. मी त्या गाण्यात दुसऱ्या रांगेत होते. गात होते. आणि खरं सांगायचं तर मंडपाबरोबर मीही हसले होते. मला वाटतं माझी ही गोष्ट तिथेच सुरू झाली, हसण्याची.

नवीन हेडमास्तर आले आणि बाईंना दुसऱ्या गावी जावं लागलं. मंदाताईचं दीड वर्षानं दिघोरीला लग्न झालं. घर चांगलं, माणसं चांगली. आईनं पत्रिका पाठवली होती. बाई आल्या नाहीत, आहेरही नाही. आईला ते फार लागलं. "सपरीत बसवून गुळाचा चहा पाजला," ती म्हणायची. मला तेव्हा आईचं पटायचं.

बाईंना मी त्यानंतर एकदाच पाहिलं. ऐंशी साल उलटून गेलं होतं. मी भंडाऱ्याला एका कॉलेजच्या कचेरीत कारकून लागले होते. गणितात कच्ची, अक्षर चांगलं; कारकुनीला आणखी काय लागतं. प्रवेशाचे दिवस, खिडकीसमोर रांग. एक फॉर्म जाळीखालून आत सरकला आणि मी ओढला तर येईना. पलीकडून कोणीतरी धरून ठेवला होता.

वर पाहिलं. केस पिकलेले, टेप नव्हती, पण त्याच बाई. शेजारी एक काळीसावळी मुलगी, दोन वेण्या, तोंडाला पदर लावायची सवय नसलेली.

"तू मंदाची बहीण," बाई म्हणाल्या.

"हो, बाई."

"इथं बसते?"

"हो."

त्यांनी माझं टेबल पाहिलं. शिक्का, शाईचं पॅड, खोडायचा रबर, माझी शाईनं माखलेली बोटं. फॉर्म त्यांनी सोडला नव्हता.

"वाच. विषय वाच."

मी वाचले. "भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित."

"मोठ्यानं."

रांग ऐकत होती. मी पुन्हा वाचले. तेव्हा त्यांनी बोटं काढली. मी शिक्का मारला, नंबर घातला, पावती फाडून दिली. ती त्यांनी मुलीला वाचायला लावली. मला काहीतरी बोलायला हवं होतं.

"मंदाताई दिघोरीला असते, बाई. दोन मुलं आहेत. सुखात आहे."

"मी ते विचारलं नाही," बाई म्हणाल्या. "का करते?"

पवनीच्या बोलीत 'का' म्हणजे काय. ती काय करते ते मी सांगू शकले असते, स्वयंपाक, धुणं, धान वाळत घालणं, मुलांचा अभ्यास. पण त्यांनी जे विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं, निदान एवढं मला कळलं. मागचा माणूस कुरकुरायला लागला. बाई बाजूला झाल्या.

बाजूला झाल्या, गेल्या नाहीत. भिंतीला लागून उभ्या राहिल्या, खिडकी दिसेल अशा. मी रांग संपवली. त्या मुलीनं दोनदा म्हटलं, "बाई, बस जाईल न." बाई म्हणाल्या, "जाऊ दे. दुसरी असते." दीड वाजता मी फॉर्मांचा गठ्ठा बांधला, दोरीला गाठ मारली, कपाटात ठेवला, कुलूप लावलं. सवयीनं कुलूप ओढून पाहिलं. वळून पाहिलं तर त्या अजून तिथेच होत्या. माझ्या तोंडाकडे त्यांनी सुरुवातीला एकदा पाहिलं होतं तेवढंच. नंतर सारा वेळ त्या माझ्या हाताकडे पाहत होत्या.